साडेतीन महिने उभी राहणारी नवी गाडी : रोज दहा मिनिटं सुरू करायची की नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दसऱ्याला नवी पेट्रोल गाडी घेतलीत, अजून ६४० किलोमीटरच झालीय. १५ नोव्हेंबरला तुम्ही दोघं मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला निघताय, ते फेब्रुवारी संपता संपता परत. खानापूर तालुक्यातल्या घरी आई आणि धाकटे बंधू. मेहुणे म्हणतात, रोज सकाळी दहा मिनिटं गाडी सुरू ठेवा. शेजारी म्हणतात, बॅटरीच काढून ठेवा. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत अँटीफ्रीझ बदलणं, गाडी जॅकवर चढवणं असलं काय काय बघून तुमचा गोंधळ झालाय.

व्हिडिओचं आधी मिटवून टाकू. ते तुम्ही चाललाय तिकडच्या हिवाळ्याचे आहेत. तिथं पाणी गोठतं, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ खालून पत्रा खातं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे बारा-चौदा अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. माणसं शेकोटी करतात, पण गाडीला ही थंडी म्हणजे काहीच नाही. कंपनीनं भरून दिलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आहे तसं राहू द्या.

आपल्या भागातला हिवाळा गाडीला छळतो तो वेगळ्या कारणानं. पहाटेचं दव, मळणीनंतर शेडमध्ये येऊन पडणारं भात आणि पिंजर (भाताचा पेंढा), ऊसतोड, आंब्याचा मोहोर, आणि या सगळ्यांच्या मागून येणारे उंदीर. तुमच्या प्रश्नात उंदरांचा उल्लेखच नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

बेळगावात उद्यमबागेत माझं गॅरेज आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांत फौजी भरपूर. आपल्या गावागावांतून पोरं सैन्यात आहेत, वर्षाला दोन महिने सुट्टीवर येतात, उरलेले दहा महिने गाडी घरी उभी. सुट्टीचा पहिला दिवस घरच्यांचा आणि दुसरा माझ्या गॅरेजात, असं ठरलेलंच. त्या गाड्या बघून माझं एक मत पक्कं झालंय. नुसती उभी राहून बिघडलेली गाडी क्वचित येते, काळजी घेता घेता बिघडवलेल्या ढिगानं येतात.

आता मेहुण्यांचा सल्ला. वाईट हेतूनं कुणी देत नाही, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळात त्यात थोडं तथ्यही होतं. पण हिशेब मांडून बघा. थंड इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर एका दमात ओढतो. नुसत्या उभ्या गाडीत, दहा मिनिटांच्या आयडलिंगवर, तो खर्च कसाबसा भरून निघतो. त्यात हेडलाइट किंवा पंखा सुरू असला तर तोही नाही.

बॅटरीपेक्षा वाईट गोष्ट इंजिनाच्या आत होते. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रस्त्यावर पळत असली की सायलेन्सर नीट तापतो आणि ही वाफ निघून जाते. अंगणात दहा मिनिटं गुरगुरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर मागच्या टोकाला कोमटच राहतो, वाफ आतच गार होऊन पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. काही वाफ पिस्टनच्या कडेनं ऑइलमध्ये उतरते. थंड इंजिनाला गाडीचा कंप्युटर पेट्रोलही जरा जास्तच पाजतो, त्यातलं न जळलेलं पेट्रोल त्याच ऑइलमध्ये. ऑइल पुरतं तापलं तर हे पाणी-पेट्रोल उडून जातं, पण दहा मिनिटांत ते तापत नाही. असं शंभर सकाळी करा, म्हणजे नव्या इंजिनाला काय पाजलं ते कळेल.

बेळगुंदीकडच्या एका जवानाचे वडील रोज पूजा आटोपली की उदबत्ती ओवाळल्यासारखी गाडी सुरू करायचे. पोरगा सुट्टीला आला तेव्हा गाडी अडखळत गॅरेजात आली. ऑइलचं टोपण उघडलं, तर खाली ताकावर लोणी यावं तसा पांढरा थर. मी त्याच्या वडिलांकडं बघितलं, तर ते म्हणाले, "रोज चालू करूलालोय की ओ, एक दिवस चुकवलो नाही!" त्यांना काय सांगणार? जीव होता गाडीवर, म्हणून तर तसं झालं. डिझेल गाडीत तर हा प्रकार आणखी महागात पडतो. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो ते हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळाल्यावर. अंगणात गुरगुरून तो फक्त तुंबतो.

म्हणून माझ्याकडं दोनच मार्ग आहेत. गाडी नीट चालवा, नाहीतर नीट झोपवा. कुठला मार्ग घ्यायचा ते किल्ली कुणाच्या हातात राहणार यावर ठरतं. तुम्ही लिहिलंय की बंधूंना ट्रॅक्टर येतो, गाडी "नीटशी" येत नाही. त्यांच्याकडं मोटारीचं लायसन्स असेल आणि अजून हातात असलेल्या दिवसांत तुम्ही त्यांना शेजारी बसवून सराव दिलात, तर पहिला मार्ग उत्तम. पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो दुपारी, खानापूरहून बेळगावपर्यंत यायचं आणि परत जायचं. एका बाजूला पंचवीस-सव्वीस किलोमीटर होतात, तेवढ्यात ऑइल तापतं, बॅटरी भरते, ब्रेक घासले जातात, टायर फिरतात, एसीही दहा मिनिटं लावता येतो. अंधार पडल्यावर मात्र नको. गळीत हंगामात मागं दिवा नसलेल्या उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, नवशिक्याला त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

लायसन्स नसेल तर हा मार्ग बंद समजा, गावातल्या गावातसुद्धा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद लायसन्सचाच मागते. मग गाडी झोपवायची, आणि त्यात शेजाऱ्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे.

किल्ली काढली तरी आजची गाडी पुरती झोपत नाही. अलार्म, रिमोट ऐकणारा रिसीव्हर, घड्याळ, कंप्युटरची स्मृती, सगळं थोडंथोडं पीत असतं. तीस मिलिअँपिअर धरा, म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ४८ दिवस पुरेल, पण अर्ध्याच्या खाली गेली की स्टार्टर कुरकुरतो, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन आठवडे. तुम्ही जाताय १०५ दिवस. तेवढ्याला ७५ अँपिअर-तास लागतील, दोन बॅटऱ्यांहून जास्त. आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. नंतर कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी होत नाही. डॅशकॅम किंवा बाहेरून बसवलेला जीपीएस असेल तर हे आणखी लवकर होतं.

बॅटरी उचलून घरात नेण्याची गरज नाही. ती पूर्ण चार्ज करून घ्या. गाडी बंद करून काही तासांनी मीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, आणि १२ दिसलं तर ती जवळजवळ रिकामीच. मग दहा नंबरच्या पान्यानं फक्त निगेटिव्हची केबल सैल करून काढायची, तिच्या टोकाला फडकं गुंडाळून बाजूला ठेवायची. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. नवी गाडी आहे, तेव्हा हे तुमच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या. काही गाड्यांत त्या टर्मिनलवर सेन्सर असतो आणि केबल कुठून सोडवायची ते ठरलेलं असतं. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, काचांची एका बटनात वर जाण्याची सवय पुन्हा शिकवावी लागेल. एवढंच. (बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, असं अजून बरेच जण सांगतात. आताच्या प्लास्टिक खोक्याच्या बॅटरीला फरशीनं काही होत नाही.)

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. बॅटरी तोडल्यावर रिमोट चालत नाही. दरवाजा रिमोटमधली लोखंडी पात काढून उघडावा लागतो, आणि पुष्कळ गाड्यांची डिकी विजेवर उघडते, ती उघडतच नाही. एका गिऱ्हाइकानं पाना आणि जंपर केबल डिकीत ठेवून बॅटरी तोडली होती. आम्ही मागच्या सीटवरून सरपटत आत गेलो.

आता उंदीर. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

ऊस उभा असतो तोवर उंदरांना शेतात घर असतं, अन्नही असतं. तोड सुरू झाली, पाला पेटवला, की ते निघतात आणि जवळचं घर, शेड, गोठा गाठतात. तुमच्याकडं भात जास्त, म्हणजे नोव्हेंबरात मळणी होऊन पोती आणि पिंजर घराजवळ आलेली. अशा वेळी बॉनेटखालची अंधारी, कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची जागा त्यांना बंगलाच वाटते. रोज हलणाऱ्या गाडीत उंदीर सहसा बिऱ्हाड करत नाही. उभ्या गाडीत आठवड्यात करतो. पिंजर, कापूस, सीटचा फोम आणून एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, आणि दात झिजवायला वायरी. उंदराचे दात सतत वाढतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची एक वायर तुटली तरी स्टार्टर फिरतो पण गाडी पेट घेत नाही. अशा वेळी मुळात काय तुटलंय ते शोधण्यात दिवस जातो, आणि पूर्ण हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) बदलायची वेळ आली तर बिल पाच आकडी.

उपायांत पहिला म्हणजे जागा. ज्या शेडमध्ये भाताची पोती, शेंगा, पेंड, वैरण आहे तिथं गाडी नकोच. त्याच शेडमध्ये युरियाची पोती असतील तर आणखी नको. खत हवेतली ओल खेचतं आणि आसपासचं लोखंड गंजवतं. गोठ्याला लागून असलेली जागाही टाळा, मुताच्या अमोनियानं तांब्याच्या जोडण्यांवर हिरवा थर धरतो. घराच्या पुढच्या अंगणात, पत्र्याखाली, चारी बाजूंनी झाडलेल्या फरशीवर गाडी असली आणि आसपास माणसांचा वावर असला, की निम्मं काम झालं. बंद शेडच असेल तर बॉनेट उघडं ठेवा. उंदराला अंधार हवा असतो, उजेड आणि वारा नको.

निपाणीची तंबाखू टाकायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आमच्याकडं बिडीच्या तंबाखूची पानं जुन्या सुती कापडात बांधून बॉनेटखाली ठेवतात. मीही ठेवतो. पण तिचा वास तीन-चार आठवड्यांत जातो, मग बदलावी लागते. पुरचुंडी बॅटरीच्या बाजूला बांधायची, एक्झॉस्टच्या पाइपाजवळ अजिबात नाही. ती काढायला विसरून गाडी सुरू केली तर धूर निघेल. डांबराच्या गोळ्या बॉनेटखाली चालतील, गाडीच्या आत नकोत, त्यांचा वास सीटमधून महिनोन्महिने जात नाही. उंदराचं औषध तर घालूच नका. उंदीर ते खाऊन एसीच्या नळीत जाऊन मरतो, आणि मग सगळा डॅशबोर्ड उतरवायला लागतो. शिवाय घरची मांजर, कुत्रं यांचाही धोका. साधा पिंजरा गाडीखाली लावा, सुक्या खोबऱ्याचा तुकडा घालून.

सगळ्यात उपयोगी उपाय फुकटचा आहे. बंधूंना सांगा, गाडी सुरू करायची नाही, पण आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, बॉनेट उघडून टॉर्च मारायचा. लेंड्या, काड्या, कुरतडलेला फोम दिसला की मोबाइलवर फोटो. लेंड्या दिसल्या त्याच आठवड्यात हालचाल केली तर वायरी वाचतात.

झाकायला प्लास्टिकचं कव्हर घेऊ नका. पहाटे दव, दुपारी ऊन, त्यामुळं आत घाम धरतो आणि पत्र्यावर पांढरे डाग पडतात. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, आणि ते स्वच्छ धुतलेल्या गाडीवरच घाला. धूळ असलेल्या गाडीवर कव्हर वाऱ्यानं फडफडलं की नव्या रंगावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. गाडी पूर्ण आडोशाला असेल तर कव्हर नसलं तरी बिघडत नाही.

आंब्याखाली लावायचा मोह होईल, सावली चांगली असते. नका लावू. डिसेंबरपासून मोहोर येतो, त्यावर तुडतुडे पडतात आणि त्यांचा चिकट गोड स्राव खाली गळत राहतो. त्यावर काळी बुरशी चढते, मुंग्या येतात. काचेवरून एकवेळ निघतं, रंगावरून काढताना जीव जातो. वानरांचा उपद्रव असेल तर आरसे मिटवून त्यावर जुने पायमोजे चढवा. आरशात दुसरं वानर दिसलं की ते मारामारीला उठतात. हसू नका, असे मोडलेले आरसे मी बदललेत.

टायर, हँडब्रेक आणि पेट्रोलचं थोडक्यात. दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा भरा, टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. महिन्याला एक-दोन पीएसआय अशीही उतरतेच. जॅकवर चढवायची गरज नाही. बंधूंना महिन्यातून एकदा न्यूट्रलमध्ये हातानं ढकलून चाक पाव फेरी फिरवता आलं तर फिरवू द्या, तेही सपाट जागा असेल आणि दोघंजण असतील तरच. हँडब्रेक ओढून ठेवू नका, दवामुळं पॅड चिकटून बसतात. पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर पी) आणि चाकांना पुढून-मागून वीट लावा. टाकी भरून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचंही असेल, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत रिकामी जागा कमी, तर ओल कमी. साडेतीन महिन्यांना पेट्रोलमध्ये घालायच्या औषधांची वगैरे गरज नाही.

नव्या गाडीची म्हणून एक खास गोष्ट आहे. पहिली फुकट सर्व्हिस बऱ्याच कंपन्यांत १,००० किलोमीटर किंवा एक महिना, यांतलं जे आधी येईल तेव्हा असते. तुमचे किलोमीटर भरले नाहीत, पण महिना निघायच्या आधीच भरतोय. तेव्हा ६४० किलोमीटरला का होईना, ती करूनच जा आणि पुस्तकात शिक्का घ्या. वॉरंटीचा दिवस गाडी ताब्यात मिळाल्यापासून मोजतात, उभी होती म्हणून थांबत नाही. पुढची सर्व्हिस सहा महिन्यांची, तोवर तुम्ही परत असाल. विम्याची चिंता या हिवाळ्यात नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग सहसा वर्षाचा असतो. पॉलिसी काढून उंदरानं केलेल्या नुकसानीबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि स्पष्ट नसेल तर एजंटकडून लेखी उत्तर घ्या. पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर शेवटच्या आठवड्यात असं केलं असतं. सर्व्हिस झाल्यावर गाडी धुऊन घेतली असती, आतलं सगळं, बिस्किटाचा चुरा आणि सीटखाली घसरलेल्या शेंगांसकट, व्हॅक्यूमनं काढलं असतं. मग लगेच उभी न करता पेट्रोल भरायला म्हणून पंधरा-वीस किलोमीटर चालवली असती, म्हणजे ब्रेकमधलं पाणी सुकतं. घरी आल्यावर गार होऊ दिली असती, काचा पूर्ण बंद, एसीचं बटन आतली हवा फिरवण्यावर. सायलेन्सरच्या तोंडात जाळीचा बोळा, आणि स्टिअरिंगला लाल फडकं, त्यावर कागद : "जाळी काढ, तंबाखू काढ, बॅटरी जोड". तीन महिन्यांनी आपल्याला काही आठवत नाही, अनुभवाचे बोल आहेत. दुसरी किल्ली आईंकडं, पण गाडीपासून लांबच्या खोलीत. बॅटरी न तोडता स्मार्ट चार्जर (बॅटरी भरली की आपोआप थांबणारा) लावून ठेवणार असाल तर हे जास्त महत्त्वाचं, कारण बिनकिल्लीच्या गाडीचा रिमोट जवळ असला की गाडी त्याच्याशी बोलत जागी राहते.

परत आल्यावर प्रवासाच्या थकव्यात त्याच रात्री किल्ली फिरवू नका. सकाळी उजेडात बॉनेट उघडा, एअर फिल्टरचा डबा उघडून घरटं नाही ना ते बघा, वायरींवर हात फिरवा, गाडीखाली ऑइल किंवा कूलंटचा डाग आहे का वाकून बघा. हवा मूळ दाबावर आणा. केबल जोडताना निगेटिव्ह शेवटी. गाडी सुरू झाली की गुरगुरत ठेवू नका, दोन मिनिटांत हळूहळू निघा. पहिले चार-सहा ब्रेक खरखरतील, तो डिस्कवरचा पातळ गंज आहे, घासून जातो. टायर पहिले पंधरा-वीस किलोमीटर धबधब करतील, गरम झाले की गोल होतात. पन्नास किलोमीटरनंतरही धबधब राहिली, किंवा पिवळा इंजिनाचा दिवा लागलेलाच राहिला, तर मात्र गाडी सर्व्हिस सेंटरला न्या, गावातल्या कुणाला वायरीत हात घालू देऊ नका. नव्या गाडीची वॉरंटी तिथंच जाते.

आणि रिमोटमधली ती लोखंडी पात कशी निघते, दरवाज्याचं भोक कुठं आहे, हे जायच्या आधी एकदा बंधूंकडून करवून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते भोक हँडलच्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं.